सफेदा दातावर घेऊ नये

दिनांक १५ मार्च १९९४, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. मी मागच्या शेडमध्ये उकळलेले जवसाचे तेल फडक्यातून गाळत होतो. उजव्या हाताने फडके धरता येत नाही, म्हणून त्याचे एक टोक बरणीचा काठ आणि माझे पोट यांच्यामध्ये दाबून धरले होते. निम्मे तेल गाळून झाल्यावर ते टोक सुटले आणि सगळा गाळ बरणीत उतरला. पुन्हा गाळायला बसण्याआधी हा कागद लिहून टाकावा असे ठरवले आणि हात साबणाने धुऊन बसलो.

मी रंग तयार करतो. लावणाऱ्यालाही रंगारी म्हणतात आणि करणाऱ्यालाही, म्हणून स्पष्ट लिहिले. दारे, खिडक्या, फाटके, लोखंडी खाटा, पत्र्याच्या पेट्या यांना लागणारा रंग आमच्या घरी तीन पिढ्या होतो. वय सत्तावीस, अविवाहित, शिक्षण आठवी. माझे पूर्ण नाव सहीखाली आहे, पण त्या नावाने मला कोणी ओळखणार नाही. सगळे मला काट्या म्हणतात, कारण मी चहातली साखरसुद्धा तराजूत घालतो असा त्यांचा समज आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी माझ्या भरवशावर लिहीत नाही. या आजारात डोके जाते तेव्हा ज्याचे जाते त्याला ते कळत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. म्हणून काल मी त्यांच्यासमोर शंभरातून सात, पुन्हा सात, असे शेवटपर्यंत वजा करून दाखवले. त्यांनी तशी चिठ्ठी दिली, ती सोबत टाचली आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट घरात सगळ्यांनी नको म्हटले. आई म्हणाली, असले कागद घरात असले की मरण पत्ता विचारत येते. तिला मी सांगितले की पत्ता त्याला आधीच मिळाला आहे. असे बोलायला नको होते.

गुरुवारी मला मोठ्या हॉस्पिटलात दाखल करणार आहेत. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ बंद आहेत. उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबतो. सुताराने एक पातळ फळी करून दिली आहे, ती मनगटाखाली बांधली की पेन धरता येते. अक्षर वाईट आहे, पण शुद्धलेखन शब्दकोश जवळ ठेवून तपासले आहे. अक्षरावरून कोणी या कागदाला खोटे म्हणू नये.

कलम १. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर व शेड बाबांच्या मागे माझ्या नावावर झाली. तेथे आईने हयातभर राहावे. तिला कोणी 'चार दिवस' म्हणून दुसरीकडे हलवू नये. आजोबांना चार दिवस म्हणून हलवले होते आणि ते पुन्हा या घरात आले नाहीत. आईच्या पश्चात हे सगळे माझ्या धाकट्या बहिणीचे. घरात तिला धाकटी म्हणतात, पुढेही तसेच लिहीन. तिचे लग्न झाले तरी हक्क जात नाही. शेडबद्दल खाली वेगळे लिहिले आहे.

कलम २. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर 'पोटाचा विकार' असे लिहू देऊ नये. बाबांच्या दाखल्यावर तसे लिहिले गेले आणि आम्ही सहा वर्षे ते खरे मानले.

कारण असे. आमच्या घरात रंग घोटून झाला की तो दातावर घेतात. करंगळीच्या टोकावर कणभर घ्यायचा, समोरच्या दातांवर फिरवायचा आणि दात हलकेच एकमेकांवर घासायचे. कच लागली तर रंग पुन्हा पाट्यावर. लागली नाही तर डबा भरायचा. मग थुंकून चूळ भरायची. गेरू, काजळी, सफेदा, शेंदूर, सगळ्यांना एकच रीत. आजोबांनी ती सुरू केली. आमचा रंग दारावर काचेसारखा बसतो याचे श्रेय गिऱ्हाईक या रीतीलाच देत असे. कारखान्याच्या मालाची परीक्षा यंत्र करते, तुमच्या मालाची तुम्ही स्वतः करता, असे लोक कौतुकाने म्हणत आणि आम्हाला ते आवडत असे.

सफेदा शिशाचा होतो. शेंदूरही शिशाचाच. तेल लवकर वाळावे म्हणून उकळताना त्यात जे मुर्दाडशिंग टाकतो तेही शिसेच. आणि सफेदा जिभेला गोड लागतो. बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. पोटात पीळ पडला की ते शेडच्या खांबाला डोके टेकून उभे राहत आणि आम्ही ओवा शोधायला पळत असू. शेवटी शेवटी त्यांना कशाचीच चव लागत नव्हती. आई अजून सांगते, "सगळं कडू लागायचं रे त्यांना. सफेदा तेवढा गोड लागायचा." ते ती कौतुकाने सांगते. तिला मी अजून पूर्ण समजावलेले नाही, आणि हा कागद तिला कोणी वाचून दाखवला तर हे दोन परिच्छेद गाळावेत.

डॉक्टरीणबाईंनी माझा ओठ खाली करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी काळी-निळी रेघ होती. मला वाटत होते ती सगळ्यांनाच असते, कारण बाबांना होती.

"शिशाचं काम करतोस?" त्यांनी विचारले.

"रंगाचं."

"तोंडात जातो?"

"जात नाही. आम्ही घेतो."

त्यांनी पेन खाली ठेवले. "आम्ही म्हणजे कोण कोण?"

"आता मी एकटाच," असे मी म्हणालो. तेव्हा मला ते खरे वाटत होते.

कलम ३. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पुढचे दुकान निम्मे त्यांचे व निम्मे माझे. माल मागे होतो, पुढे ते विकतात. माझा निम्मा हिस्सा मी धाकटीला देत आहे. काकांना बाबांची खुर्ची देत आहे. ते तिच्यावर सहा वर्षे बसतच आहेत, त्यामुळे ताबा देण्याचा वेगळा खटाटोप नको.

त्यांना एवढेच का, हे लिहिणे मला भाग आहे, नाहीतर ते चार लोकांत विचारतील. आजार कळला त्या दिवशी मी दुकानात गेलो. ते एका गिऱ्हाईकाला टर्पेंटाइन मोजून देत होते.

"काका, सफेदा आणि शेंदूर बंद करायचा," मी म्हणालो.

"आणि विकायचं काय? गेरू? गेरूने लोक कुंड्या रंगवतात."

"बाबा त्यानेच गेले."

"तुझ्या बापाला पोटाचा त्रास होता. तिखट किती खायचा ते मी जवळून पाहिलंय."

"मी तर तिखट खात नाही. मग मला कशाने झालं?"

"तू काळजी खातोस. दोन्ही वेळ, पोटभर."

गिऱ्हाईक हसले. मलाही हसू आले, कारण ते खोटे नाही. पण काकांनी आयुष्यात एकदाही रंग दातावर घेतलेला नाही. बाबांनी करंगळी पुढे केली की ते म्हणत, "मला गोड मानवत नाही." पन्नाशी उलटली तरी त्यांचे सगळे दात शाबूत आहेत. डब्याचे झाकण ते दातांनी उघडतात आणि गिऱ्हाईकाला उघडून दाखवतात.

आणखी एक गोष्ट. सफेद्याची पिंपे येत त्यांवर व्यापाऱ्याने एक छापील कागद चिकटवलेला असे. त्यावर कवटी होती व खाली बारीक अक्षरे. ते पिंप शेडमध्ये येईपर्यंत कागद खरवडून काढलेला असायचा. मी तो पहिल्यांदा गेल्या महिन्यात व्यापाऱ्याच्या गोदामात पाहिला. काका म्हणतात, रिकामे पिंप भंगारात घालताना कागद असला की भाव पडतो, म्हणून काढत होतो. मला ते पटत नाही. पण खोटे आहे असे शपथेवर लिहिता येत नाही, म्हणून त्यांचे म्हणणेही लिहिले.

कलम ४. पाळणाघराच्या बाई दोन महिन्यांपूर्वी दुकानात आल्या होत्या. मुलांच्या चाळीस लोखंडी खाटा रंगवायच्या होत्या. आधी शेंदराचा हात, वर सफेद्याचे दोन हात, चकचकीत. काकांनी आगाऊ रक्कम घेतली. मी ही ऑर्डर नको म्हणालो.

"का नको? पोरं काय रंग खाणार आहेत?"

"दात येताना पोरं तेच खातात, काका. खाटेचा कठडा चावतात. रंग गोड आहे."

काकांनी ऑर्डरची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरं. परत करतो ऑर्डर." मी ते खरे मानले. त्यांच्यावर माझा विश्वास होता असे नाही. त्या दिवशी मला उभे राहवत नव्हते.

कलम ५. सुतार या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील आणि यात लिहिले आहे तसे करून घेईल. तो साक्षीदारही आहे. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले, म्हणून त्याला काहीही ठेवलेले नाही. त्याला मी हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "फळी परत दे म्हणजे झालं. सागाची आहे."

कलम ६. शेड, रंगाचा दगडी पाटा व वरवंटा, तेलाची कढई, गाळण्या, पितळी तराजू व वजने धाकटीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. ती घोटते तो रंग ब्रशाची रेघ धरत नाही. अट एकच, तिने सफेदा, शेंदूर व मुर्दाडशिंग वापरू नये.

(कलम ६ रद्द. खालचे वाचता यावे म्हणून एकाच रेघेने खोडले आहे. का रद्द केले ते पुढे लिहितो.)

कलम ६ लिहून मी शाई वाळण्याची वाट पाहत होतो तेव्हा धाकटी चहा घेऊन आली. ती माझ्या खांद्यावरून वाचते ही तिची जुनी खोड आहे.

"सहावं कलम माझ्यासाठी आहे ना?"

"हो."

"मग मला न विचारता कसं लिहिलंस, दादा?"

"मृत्युपत्र विचारून लिहीत नाहीत."

"माणूस समोर उभं असताना विचारायला काय झालं? सफेदा नाही, शेंदूर नाही. मग मी करू काय? काकांच्या दुकानात डबे पुसू?"

"गेरू आहे. काजळी आहे. जस्ताचा सफेदा आणता येईल."

"जस्ताचा सफेदा दोन हातांनी झाकत नाही. लोखंड खालून डोळे वटारून बघतं."

"तीन हात द्यायचे."

"आणि पैसे दोनाचे घ्यायचे. तू काटा धरून बसतोस, पण गिऱ्हाईकाला कधी तोंड दिलं नाहीस."

मला राग आला. मी म्हणालो, "धाकटे, तू कधी दातावर घेतला नाहीस, म्हणून तुला हे सोपं वाटतं."

तिने कप खाली ठेवला. "तुझा हात पडल्यापासून पाट्यावर कोण बसतं?"

"तू."

"डबे कोण भरतं?"

"तू."

"कच लागली म्हणून एक तरी डबा परत आलाय?"

"नाही."

"मग कच कोण बघत होतं, दादा?"

मी तिला बोटाने बघायला सांगितले होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून. ते मी म्हणून दाखवले. ती म्हणाली, "बोटाला कच कळत नाही, हे तूच मला दहा वर्षं सांगत आलास. तुझ्या डब्यांना नाव ठेवलेलं मला चालणार नव्हतं."

मी तिला दारात उजेडात उभे केले आणि खालचा ओठ खाली ओढायला सांगितला. पुढच्या चार दातांच्या मुळाशी रेघ आहे. माझ्याइतकी काळी नाही. बोथट पेन्सिलीने ओढल्यासारखी फिकट आहे.

"आहे?"

"आहे."

"मला वाटलं काजळीची असेल," ती म्हणाली. "घासून बघितली होती."

मग मी विचारले की पाळणाघराची ऑर्डर परत गेली का. ती खिडकीकडे बघत म्हणाली, नाही. बावीस खाटा झाल्या आहेत. दुपारी मी औषध घेऊन झोपतो तेव्हा ती घोटत होती आणि काका शेडच्या मागच्या बाजूला खाटा रंगवत होते. बारा पाळणाघरात पोचल्या.

"काका म्हणाले, दादाच्या हॉस्पिटलाला अनामत भरायची आहे, ती आभाळातून पडणार आहे का."

"मग?"

"मग भरली."

म्हणजे गुरुवारी मला जी खाट मिळणार आहे तिचे पैसे त्या खाटांमधून आले आहेत.  ज्याने हे वाचले त्याने स्वतःच काय ते समजावे.

चहा तसाच राहिला. मी सुताराला बोलावले आणि त्याला पाळणाघरात पाठवले. बाईंना सगळे सांग, माझे नाव सांग, काही लपवू नकोस, असे सांगितले. तो तासाभराने परत आला. बाईंनी बाराही खाटा अंगणात काढून ठेवल्या. मुले सतरंजीवर झोपली आहेत. बाईंनी सुताराला एकच विचारले, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं. त्याने खरे ते सांगितले. डॉक्टरीणबाईंनाही निरोप दिला आहे, त्या मुलांना बघायला जाणार आहेत.

कलम ७ (कलम ६ च्या जागी). दगडी पाटा कोणालाही देत नाही. त्याच्या छिद्रांत तीन पिढ्यांचा सफेदा बसला आहे, तो धुऊन जाणार नाही. तो फोडू नये, फोडला तर धूळ उडेल आणि तीच पोटात जाईल. वरवंट्यासह ओल्या गोणपाटात गुंडाळून शेडमधल्या खड्ड्यात घालावा व वर सिमेंट ओतावे. उरलेला सफेदा, शेंदूर व मुर्दाडशिंग डबे सील करून व्यापाऱ्याला परत करावे. त्याने घेतले नाही तर तेही त्याच खड्ड्यात. गटारात ओतू नये. शेडमधली जमीन झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडके पुन्हा घरात आणू नये. आईने ते धुवायला घेतले तर तिच्या हातातून काढून घ्यावे, ती ऐकत नाही.

कलम ८. शेड व बाकी हत्यारे धाकटीलाच. यावर पुन्हा बोलणे झाले, तेही लिहितो, कारण अटीचा अर्थ त्यावाचून कळणार नाही.

"दातावर नाही घ्यायचा तर कच बघायची कशी?" तिने विचारले. हा प्रश्न खरा आहे. बाबांना कोणी सांगितले असते तर त्यांनीही हेच विचारले असते. मी सुताराकडून खिडकीच्या काचेचा तुकडा मागवला. तिने आज सकाळी घोटलेला गेरू तेलात होता, त्याचा थेंब काचेवर ठेवला आणि सुरीच्या सरळ पात्याने एकाच ओढीत पातळ पसरवला. मग काच उजेडाकडे धरली.

"हा तू दातावर घेतलास?" मी विचारले.

"घेतला. लोण्यासारखा होता."

काचेवर पात्याच्या ओढीने तीन-चार बारीक रेघा उमटल्या होत्या. जाड कण पात्याबरोबर ओढला गेला की तशी रेघ पडते. धाकटी काच फिरवून फिरवून बघत होती. मग तिने तोच रंग पाट्यावर ओतला, पुन्हा घोटला आणि पुन्हा काचेवर ओढला. या वेळी एकच रेघ आली. ती तिसऱ्यांदा घोटायला बसली तेव्हा मी तिला उठवले, कारण तो पाटा आता कोणी वापरायचा नाही. जाड काचेची लादी आणि काचेचा घोटणा मी काचवाल्याकडे सांगून ठेवला आहे. यापुढे त्यावरच घोटायचे आणि काचेवरच बघायचे.

अट: धाकटीने कोणताही रंग, गेरूसुद्धा, तोंडात घेतल्यास शेडवरचा तिचा हक्क त्या क्षणी संपेल.

"संपला तर शेड कोणाला?" तिने विचारले.

"काकांना."

"मग नाही घेणार," ती म्हणाली.

हे विनोदाने झाले असले तरी अट खरी आहे आणि मी ती तशीच ठेवतो.

कलम ९. पुढील कृती मी कोणा एकाला देत नाही. ज्याला करायची त्याने करावी. यात शिसे नाही.

उघड्या लाकडासाठी. आठ लिटर पाण्यातले थोडे बाजूला काढून त्यात पाऊण किलोला थोडे कमी गव्हाचे पीठ गुठळ्या न ठेवता कालवावे. बाकीचे पाणी उकळून त्यात ते ओतावे आणि खळीसारखे होईपर्यंत ढवळावे. पाव किलो हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, टाकावा. तो विरघळला की चाळलेला गेरू दोन किलो. अर्धा तास मंद आचेवर. शेवटी जवसाचे तेल एक लिटर, बारीक धारेने, ढवळत. कोमट असताना लावावा. तासलेल्या गुळगुळीत लाकडाला धरत नाही, करवतीच्या खरखरीत लाकडाला वर्षानुवर्षे धरतो. मुर्दाडशिंग नसल्याने वाळायला वेळ लागतो. लोक घाई करतील. करू द्यावी.

लोखंडासाठी. गंज ओला करून घासावा, कोरडा नको. पुसून पूर्ण वाळू द्यावा. उन्हात मुरवलेल्या जवसाच्या तेलात गेरू काचेवर घोटून पहिला हात पातळ द्यावा. तो बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा. काळा हवा असेल तर गेरूऐवजी काजळी. शेंदराइतका टिकतो असे मी लिहीत नाही. शेडच्या मागे दोन पत्रे खिळ्याला टांगले आहेत, एक शेंदराचा, एक गेरूचा. दोन्हींना एक पावसाळा झाला आहे. गेरूच्या पत्र्याला कोपऱ्यात गंज आहे. धाकटीने गिऱ्हाईकाला तो कोपरा दाखवून मगच डबा विकावा.

फडकी व गाळण्या तेलाने भिजलेल्या असताना गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेतात. पाण्यात टाकाव्यात.

कलम १०. माझ्या कर्जाचा व खर्चाचा हिशेब खाली आहे. पाळणाघराची रक्कम सर्वांत आधी द्यावी. बावीस खाटा ओल्या करून खरवडून घ्याव्यात. पॉलिश पेपर कोरडा मारू नये. हे काम बाहेरच्या रंगाऱ्याकडून नाकाला फडके बांधून करून घ्यावे. धाकटीने त्याला हात लावू नये. काकांनी लावला तर त्यांचे ते बघतील.

काल संध्याकाळी काका मागे आले होते. मी लिहीत असलेले त्यांनी पाहिले, वाचायला मागितले नाही. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "पोरीचं खरंच माहीत नव्हतं मला. बोटाने बघते असं म्हणाली होती." हे मी लिहितो, कारण ते त्यांच्या बाजूचे आहे. मी त्यांना तिसऱ्या कलमातली कवटी विचारणार होतो, पण ते निघून गेले. कलम ३ मी बदललेले नाही.

हा कागद येथे पूर्ण होतो. काल सुरू केला आणि आज संपवला. मधल्या खाडाखोडीच्या ठिकाणी मी आद्याक्षर केले आहे. मी पूर्ण वाचून पाहिला आहे आणि तो माझाच आहे.

सही (डाव्या हाताचा अंगठाही दिला आहे)

साक्षीदार:
१. सुतार, समोरच्या गल्लीतला. याच्यासमोर सही केली. सही.
२. शेजारच्या शिंपीणबाई. यांनी सही करण्याआधी सगळे वाचून घेतले व मधेच दोनदा चष्मा पुसला. सही.

स्थळ: मागची खोली, खिडकीपाशी
दिनांक: १६ मार्च १९९४, बुधवार

हिशेब

बँकेत शिल्लक (आज सकाळी पैसे काढण्याआधी): १८,४००

देणे:
पाळणाघराची आगाऊ रक्कम परत: ६,०००
बावीस खाटा खरवडून पुन्हा रंगवणे: ३,३००
तेल व टर्पेंटाइनचे व्यापाऱ्याला: ९२०
पाट्याचा खड्डा, सिमेंट व मजूर: २५०
काचवाल्याचे: १४०

रक्ताची तपासणी, आई व धाकटी: ३६०, आज सकाळी बँकेतून काढून दिले
रक्ताची तपासणी, काका: १८०. नको म्हणाले. पैसे सुताराकडे ठेवले आहेत, कधीही मागितले तर द्यावेत

एकूण: ११,१५०
हॉस्पिटलासाठी उरले: ७,२५०. हे संपले की मला घरी आणावे. काकांकडे मागू नये, धाकटीला कमवायला लावू नये.

रक्ताच्या चिठ्ठ्या पुढच्या मंगळवारी मिळतील. आईची घरी आली तरी चालेल. धाकटीची आणायला सुताराने तिच्याबरोबर जावे, आणि ती बाहेर येऊन उघडेल तेव्हा जवळ उभे राहावे.